वाणसामानाची महागाई आणि घरची कोठी

रिसोड हे वाशिम जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे, बुलढाणा व हिंगोली या जिल्ह्यांच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. पैनगंगेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत पिकलेले सोयाबीन, तूर आणि हरभरा येथील बाजारात उतरतात व मोटारींत भरून बाहेरगावी जातात. अशा धान्याच्या गावी वाणसामानाच्या महागाईची तक्रार असावी, याचे दूरच्या मनुष्यास नवल वाटेल. परंतु तक्रार आहे, आणि ती शेतीवाडी असलेल्या घरांतूनही ऐकू येते. पौष-माघात जे घर पोत्याने तूर विकते, तेच घर श्रावणात किलोकिलोने डाळ विकत आणते. मधल्या सहा महिन्यांत ती तूर व्यापाऱ्याकडून डाळीच्या गिरणीत, गिरणीतून ठोक दुकानी आणि तेथून वाण्याच्या फडताळात असा प्रवास करून परत येते. त्या प्रवासाचे भाडे, दलाली, नफा आणि तूटफूट या सर्वांची भर गृहिणीच्या पिशवीवर पडते. महागाईस तोंड कसे द्यावे, या प्रश्नाचा विचार या फेऱ्यापासूनच सुरू करणे इष्ट आहे.

प्रथम या ओझ्याचे माप पाहू जाता असे दिसते की, ते सर्वांस सारखे नाही. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली कुटुंबांचे जमाखर्च तपासून एक नियम मांडला. मिळकत जितकी तुटपुंजी, तितका तिचा मोठा हिस्सा अन्नावर खर्च होतो, हा तो नियम होय. भारत सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंबखर्चाच्या पाहणीतही तोच अनुभव आला. खेड्यांत दरडोई मासिक खर्च सरासरीने ४१२२ रुपये होता व त्यापैकी शेकडा ४७ हिस्सा अन्नाचा होता. शहरांत खर्च ६९९६ रुपये असूनही अन्नाचा हिस्सा शेकडा ४० च्या आतच राहिला. खेड्यातील सरासरी धरून पाच माणसांच्या घराचा हिशेब केला, तर महिन्याच्या वीस हजार सहाशे रुपयांपैकी सुमारे नऊ हजार सातशे रुपये चुलीपाशी खर्च होतात. २०२४ च्या ऑक्टोबरात देशातील अन्नाच्या किमती वर्षापूर्वीपेक्षा शेकडा १०.८७ ने चढल्या होत्या. म्हणजे ताटात एक घासही न वाढविता अशा घरास महिन्याला हजार रुपये अधिक लागले. मिळकत तेवढीच असता हे हजार रुपये मुलाच्या शिकवणीतून, म्हाताऱ्यांच्या औषधातून, अथवा ताटातूनच काढावे लागतात. बहुधा ते ताटातून निघतात, आणि कोणाच्या ताटातून निघतात, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

यानंतर एक वर्षाने, २०२५ च्या ऑक्टोबरात, अन्नाचा निर्देशांक वर्षापूर्वीपेक्षा शेकडा ५.०२ ने उतरला. वर्तमानपत्रांनी महागाई ओसरल्याचे सांगितले, आणि भाज्या व डाळी यांच्यापुरते ते खरेही होते. परंतु त्याच महिन्यात खाद्यतेले मागील वर्षापेक्षा महागच होती. यावरून ध्यानात येईल की, महागाई ही एक वस्तू नसून तिच्या निरनिराळ्या जाती आहेत. प्रत्येकीचे कारण निराळे, मुक्काम निराळा आणि म्हणून उपायही निराळा.

पहिली जात भाजीपाल्याची. ही एकाएकी येते व काही आठवड्यांनी निघून जाते. २०१९ च्या डिसेंबरात कांदा आणि २०२३ च्या जुलैत टोमॅटो असाच भडकला होता. पाऊस अवेळी झाला, माल नासला, नवे पीक येईपर्यंत तुटवडा झाला, एवढीच तिची कथा. अशा वेळी कर्ज किंवा उधारी करून तीच भाजी आणण्यात शहाणपण नाही. टोमॅटोचे काम चिंच, आमसूल किंवा अंबाडी करते. वऱ्हाडातील जुन्या गृहिणी हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला सुकवून ठेवीत आणि उन्हाळ्यात सांडगे, कुरड्या व मूगवड्या घालीत. हा केवळ जिभेचा शौक नव्हता. भाजी नसलेल्या दिवसांची ती तरतूद होती.

दुसरी जात डाळींची. तिचा मुक्काम हंगामभर, कधी वर्षभर असतो. २०१५ साली पाऊस अपुरा झाला आणि ऑक्टोबरात मोठ्या शहरांतून तूरडाळ किलोस दोनशे रुपयांच्या घरात गेली. त्या भावाच्या आशेने पुढील खरिपात शेतकऱ्यांनी तूर भरपूर पेरली, पाऊसही चांगला झाला, आणि २०१७ च्या आरंभी तीच तूर ५०५० रुपये क्विंटल या हमीभावाखाली विकावी लागली. पहिल्या वर्षी खाणारा रडला, दुसऱ्या वर्षी पिकविणारा. रिसोडसारख्या गावी हे दोघेही पुष्कळदा एकाच घरात राहतात, हे विसरता कामा नये.

तिसरी जात खाद्यतेलाची. हिचे उगमस्थान समुद्रापलीकडे आहे, कारण देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि सूर्यफुलाचे तेल अडले. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. त्याची झळ वऱ्हाडातील कढईपर्यंत पोहोचली. पुढे २०२४ च्या सप्टेंबरात सरकारने कच्च्या तेलावरील आयातकर, अधिभार धरून, शेकडा ५.५ वरून २७.५ वर नेला. २०२५ च्या मेअखेर तो १६.५ वर आणला. करवाढीचा हेतू सोयाबीन पिकविणाऱ्यास भाव मिळावा हा होता. परंतु त्या हंगामात बहुतेक बाजारांत सोयाबीन ४८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच रेंगाळले. तेल महागले आणि तेलबी मात्र स्वस्तच राहिली, असा दुहेरी फटका या भागातील घरांस बसला.

हा फटका इतका वर्मी का बसतो, याचे कारण शेतातच सापडते. दोन पिढ्यांपूर्वी या जमिनीत कापूस असे, पण त्याबरोबर ज्वारी असे, ज्वारीत तूर असे, मूग व उडीद असत. बांधाला तीळ व अंबाडी, रबीत करडई आणि जवस असे. घरच्या भाकरीचे, वरणाचे, चटणीचे आणि पुष्कळ अंशी तेलाचेही साहित्य घरच्याच खळ्यातून येई. वाण्याकडून मीठ, गूळ, चहा, मसाल्याचे चार जिन्नस एवढेच आणावयाचे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सोयाबीन आले. ते थोड्या दिवसांत हाती येते, लवकर रोकड देते आणि त्यामागे रबीचा हरभरा घेता येतो. म्हणून ते पसरले, आणि शेतकऱ्याने ते पेरले यात त्याचा दोष नाही. तथापि सोयाबीन जसेच्या तसे चुलीवर शिजवून घर जगत नाही. ते सर्वच्या सर्व विकावे लागते. जेथे पूर्वी कोठी पिकत असे तेथे आता रोकड पिकते, आणि रोकडीचे अन्न करावयाचे तर ते बाजारभावानेच करावे लागते. जुन्या काळी भाव चढले तरी कोठीतील धान्याचे वजन घटत नसे. आज भाव चढताच रोकडीचे वजन घटते.

यास्तव शेत असलेल्या घरासाठी पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे वर्षाची डाळ विकण्यापूर्वी बाजूस काढणे. किती काढावी, याचाही हिशेब करता येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार दोन हजार उष्मांकांच्या समतोल आहारात दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये असावीत. पाच माणसांस वर्षाकाठी ती दीडशे किलोंहून अधिक होतात. एवढे सर्वांस साधणार नाही. परंतु निदान एक क्विंटल तूर व त्याच्या निम्मा हरभरा राखून ठेवला, तरी वर्षातील बहुतेक दिवसांचे वरण व पिठले घरचे होते. एक क्विंटल तुरीची सुमारे सत्तर किलो डाळ निघते. उदाहरणादाखल २०२४-२५ चा ७५५० रुपयांचा हमीभाव धरला, तर ती डाळ किलोस १०८ रुपयांच्या सुमारास पडते. वर भरडाईची मजुरी. शिवाय चुणी गुराढोरांस मिळते, ती वेगळीच. वाण्याच्या दुकानी त्याच डाळीचा भाव विचारला म्हणजे फरक आपोआप कळतो.

डाळ करण्याचे कष्ट पूर्वी जात्यावर होत. तुरीस तेलपाणी लावून, उन्हात वाळवून भरडणे हे बायकांच्या पाठीचे काम होते, आणि ते त्यांच्यावर पुन्हा लादावे असे कोणीही सुचविणार नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान डाळगिरणी तयार केली आहे व ती खेड्यात, बचत गटाकडेही चालू शकते. डाळ लवकर करून ठेवण्यात दुसराही लाभ आहे. अखंड तुरीस भुंगा लवकर लागतो, भरडलेल्या डाळीस तितका लागत नाही. डाळ कडक उन्हात वाळवून, कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवली, म्हणजे ती पावसाळा सहज काढते. आणि पुढील खरिपात सोयाबीनच्या दर काही ओळींनंतर तुरीच्या ओळी, धुऱ्यावर तीळ व अंबाडी, आणि शक्य तेथे ज्वारीचा एखादा पट्टा घरखर्चासाठी म्हणून पेरला, तर कोठीचा पाया शेतातच घातला जातो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो योग्य आहे. ज्याच्या डोक्यावर पीककर्ज आहे, ज्याने खत-बियाणे उधारीवर उचलले आहे, त्यास खळ्यावरच माल विकावा लागतो. तो कोठी कशी भरणार? त्याची अडचण उपदेशाने सुटत नाही. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. जेथे बाजार समिती ती चालविते, तेथे गोदामात ठेवलेल्या तूर, सोयाबीन, हरभरा यांसारख्या मालाच्या किमतीच्या शेकडा ७५ पर्यंत रक्कम शेकडा सहा व्याजाने, सहा महिन्यांच्या मुदतीने मिळू शकते. देणे भागविण्यासाठी सर्व माल एकाच दिवशी पडत्या भावाने देण्याऐवजी काही माल तारण ठेवावा आणि घरची डाळ त्याच वेळी वेगळी काढावी, एवढी सवड त्यातून काही जणांस मिळेल. सर्वांस मिळेल असे नाही.

ज्यांस शेतच नाही, जे मजुरीवर अथवा गावातील लहानशा पगारावर राहतात, त्यांची स्थिती अधिक बिकट आहे. हंगामात गहू, ज्वारी व डाळ भरून ठेवणे त्यांसही हितावह आहे. परंतु एकरकमी पैसा कोठून आणावा? येथे बचत गटाचा खरा उपयोग आहे. दहा घरांनी मिळून माघ-फाल्गुनात शेतकऱ्याकडून थेट धान्य घेतले आणि गटाचे कर्ज महिन्याच्या हप्त्यांनी फेडले, तर शेतकऱ्यास चार पैसे अधिक व घेणाऱ्यास चार पैसे कमी पडतात. लग्नासणांसाठी काढलेल्या कर्जापेक्षा धान्यासाठी काढलेले हे कर्ज घरास अधिक बळ देते.

शिधापत्रिकेचा आधारही मोठा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबास माणशी पाच किलो व अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो धान्य दरमहा ठरलेले असून, २०२३ च्या जानेवारीपासून ते विनामूल्य झाले. परंतु या भागातील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांची कथा विचार करण्याजोगी आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे ग्रस्त ठरलेल्या चौदा जिल्ह्यांत वाशिम येतो. या जिल्ह्यांत २०१५ पासून अशा शेतकऱ्यांस माणशी पाच किलो धान्य, गहू दोन रुपये व तांदूळ तीन रुपये किलो दराने मिळत असे. २०२३ पासून धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये देण्याचे ठरले. २०२४ मध्ये ते १७० झाले. पाच किलोंचे मोल धरले तर ही रक्कम किलोस चौतीस रुपये पडते. बाजारात धान्य याहून महाग झाले की तेवढे धान्य कमी येते. धान्याचे पाच किलो हे पाच किलोच राहतात. रुपयांचे पाच किलो मात्र दर हंगामास नव्याने मोजावे लागतात. म्हणून ही रक्कम खात्यावर येताच इतर खर्चात मिसळू न देता, हंगामाच्या धान्यखरेदीसाठी स्वतंत्र ठेवणे श्रेयस्कर होय.

आता जमाखर्चाच्या वहीकडे वळावे. पुष्कळ घरी हिशेब लिहिला जातो, पण तो केवळ रुपयांचा. ‘तेल, दीडशे रुपये’ एवढ्या नोंदीवरून भाव चढला की खप वाढला, हे कळत नाही. रुपयांशेजारी वजनाचा रकाना आखावा. एक लिटर तेल वजनाने सुमारे ९१० ग्रॅम भरते. परंतु त्याच आकाराच्या दिसणाऱ्या पिशवीत ८५० किंवा ८०० ग्रॅमही असते. किंमत तीच ठेवून माल घटविणे हा भाववाढीचाच एक गुपचूप प्रकार आहे. पाकिटावर निव्वळ वजन व एककाचा दर छापण्याचे बंधन आहे; तो दर पाहूनच पाकीट उचलावे. महिनाअखेर वहीत तेलाचे वजन मोजावे. पोषण संस्थेच्या मापाने माणशी दिवसाला २७ ग्रॅम, म्हणजे पाच माणसांस महिन्याला चार किलो तेल पुरे. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे देशात दरडोई वर्षाला १९.७ किलो तेल लागते. उपाहारगृहांतील व पाकिटबंद पदार्थांतील तेल त्यात धरलेले असले, तरी हे त्या मापाच्या जवळजवळ दुप्पट आहे. तेव्हा काटकसरीस खरोखर जागा आहे ती तेलात, साखरेत आणि मुलांच्या हाती दिल्या जाणाऱ्या चटकदार पुड्यांत.

उधारीचीही हीच गोष्ट. वाण्याची उधारी अडचणीच्या महिन्यात घर तारते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु उधारीने घेणारा मनुष्य भाव विचारीत नाही व वजन ताडून पाहत नाही, हा त्यातील खरा तोटा. उधारीच्या प्रत्येक जिनसाचा दर त्याच दिवशी आपल्या वहीत मांडला, तर हंगामात देणे फेडताना वाद राहत नाही आणि दोहोंचे संबंधही गोड राहतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. काटकसर कोठे करू नये, हे जिला कळले तिलाच काटकसर साधली. भाव चढले की घरात प्रथम डाळ पातळ होते, मग मुलांचे दूध कमी होते, आणि सर्वांचे जेवण झाल्यावर बसणाऱ्या बाईच्या वाट्यास भाकरी व तिखट एवढेच उरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शेकडा ५४ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्यास कारणे अनेक आहेत. पण मागाहून आणि उरलेसुरले जेवणे हे त्यांपैकी एक आहे. ज्या बचतीची किंमत घरच्या स्त्रीचे रक्त देते, ती बचत नसून न लिहिलेले कर्ज आहे, आणि ते दवाखान्यात व्याजासह फेडावे लागते. डाळ, पालेभाजी आणि मुलांचे दूध ही तीन खाती शेवटपर्यंत राखावीत. शेवग्याचा पाला, घोळ, तांदुळजा, अंबाडी यांस पैसा थोडका लागतो व गुण मोठा आहे. पालेभाजीवर लिंबू पिळल्याने तिच्यातील लोह अंगी लागते, आणि जेवणाला लागूनच चहा घेतल्याने ते वाया जाते, एवढे जाणले तरी त्याच खर्चात अधिक पोषण होते. आणि वाढताना डाळीच्या पातेल्यातून शेवटी जेवणारीची वाटी प्रथम काढून ठेवावी. यास एक पैसाही लागत नाही.

घरातील या उपायांनी बाजार ताब्यात येणार नाही. इंडोनेशियातील हुकूम, दिल्लीतील आयातकर आणि मृगाचा पाऊस यांवर रिसोडच्या गृहिणीची सत्ता चालत नाही, आणि सर्व भार तिच्याच काटकसरीवर टाकणे अन्यायाचे होईल. तमिळनाडूत शिधावाटप दुकानांतून तूरडाळ व पामतेल सवलतीच्या दराने देण्याची व्यवस्था २००७ पासून सुरू झाली. जेथे तूर पिकते त्या वऱ्हाडात शिधापत्रिकेवर धान्याबरोबर डाळही नियमाने मिळावी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. ती मान्य होईतो, येत्या हंगामात तुरीचे पहिले पोते बाजाराच्या गाडीत न चढविता घरात उतरवून घेणे, एवढे तरी ज्यांच्या हाती आहे त्यांनी अवश्य करावे.